डॉ. कमल रणदिवे : स्तनाच्या कर्करोगाचा शोध आणि आपल्यापुढचे प्रश्न

वस्तीत आरोग्य तपासणीसाठी फिरताना एक वाक्य मी कितीतरी वेळा ऐकले आहे : "दुखत तर नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं?" बोलणारी बाई धुणीभांडी करणारी असते, कचरा वेचणारी असते, कधी शिकलेली अंगणवाडी सेविकाही असते. छातीत गाठ असते. वर्षभर असते. नवऱ्याला सांगितलेले नसते, सासूला तर नाहीच. गाठ दुखत नाही म्हणून ती थांबते. आणि स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

या आजाराचे मूळ शोधण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांत एका मराठी स्त्रीचे नाव फार वरचे आहे : डॉ. कमल जयसिंग रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जयंतीला, गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. दुसऱ्या दिवशी विसरूनही गेलो. त्यांचे काम काय होते, ते कुठवर पोहोचले आणि त्यातून आपल्या मुलामुलींनी काय घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

बालपण आणि शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींनी शिकलेच पाहिजे, असे मानणारे ते घर होते. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन तिने बी.एस्सी. केले. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे.

१९३९ मध्ये त्यांचे लग्न गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी झाले आणि त्या मुंबईला आल्या. एम.एस्सी. त्यांनी लग्नानंतर पूर्ण केले, हे लक्षात घ्यायला हवे. वडील प्राध्यापक, घरात पुस्तके, नवरा अभ्यासक आणि पाठीशी उभा राहणारा, ही शिदोरी त्या काळात फार थोड्या मुलींना मिळत होती. रणदिवे यांची बुद्धी आणि कष्ट यांचे मोल त्याने कमी होत नाही. पण तेवढीच बुद्धी असलेल्या किती मुली त्याच पुण्यात शाळेच्या दारापर्यंतही पोहोचल्या नाहीत, हा प्रश्न समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडल्याशिवाय राहत नाही.

खानोलकरांची प्रयोगशाळा

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तेथील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर सांभाळत. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कोणत्या समाजात कोणता कर्करोग जास्त दिसतो आणि त्याचा लोकांच्या सवयींशी काय संबंध, याचा अभ्यास त्यांनी भारतात रुजवला. रणदिवे त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशी पाहायला शिकलेले डोळे आता कर्करोगाच्या पेशींकडे वळले.

१९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. पुढे १९६६ मध्ये ही संस्था आणि टाटा रुग्णालय मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. याच संस्थेत रणदिवे यांची सगळी कारकीर्द गेली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणूनही काम पाहिले.

उंदीर, दूध आणि वारसा

रणदिवे यांचा पहिला मोठा विषय होता स्तनाचा कर्करोग. माणसावर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून साधन होते उंदीर. उंदरांच्या काही जाती अशा असतात की त्यांतील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो. काही जातींत तो क्वचितच होतो. खानोलकर आणि रणदिवे यांनी अशा चार जातींच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना शेजारी ठेवून तपासली. प्रश्न साधा होता : रोग होण्याआधीच या ग्रंथींत काही फरक दिसतो का?

यामागची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले होते की रोगप्रवण जातीची पिल्ले जन्मताच दुसऱ्या जातीच्या मादीकडे दूध पिण्यासाठी दिली, तर त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण खूप घटते. म्हणजे दुधातून काहीतरी जात होते. ते 'काहीतरी' म्हणजे एक विषाणू निघाला. पण केवळ विषाणू पुरेसा नव्हता. त्या जातीचा आनुवंशिक वारसा आणि मादीच्या शरीरातील संप्रेरके या दोन्हींचा त्यात वाटा होता. विषाणू, वारसा आणि संप्रेरके हे तिन्ही धागे एकत्र पाहायचे, ही रणदिवे यांच्या कामाची दिशा राहिली. त्यासाठी मुंबईतच वाढवलेली, संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी उंदरांची जात त्यांच्या गटाने अभ्यासासाठी वापरली.

'स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध जगात पहिल्यांदा त्यांनी शोधला' असे वाक्य आज अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते तसेच्या तसे घेऊ नये. हा संबंध जोडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या आणि भारतात तो प्रश्न प्रयोगशाळेत आणणाऱ्यांत अग्रणी होत्या, असे म्हणणे जास्त बरोबर आहे. माणसांमध्ये या वारशाची जागा पुढे १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवली. त्या जनुकाला आज बीआरसीए-१ म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत असा थेट वारसा असतो. बाकीच्या बहुसंख्य बायकांच्या घरात आधी कोणालाच हा आजार झालेला नसतो. म्हणून 'आमच्या घरात कोणाला नाही' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

विषाणूच्या धाग्याचे काय झाले? उंदरासारखा विषाणू स्त्रीच्या दुधातही असेल का, याचा शोध जगभर सुरू झाला. १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मुंबईच्या पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले होते. अभ्यास करणाऱ्यांत रणदिवे यांच्याच संस्थेतील डॉ. सत्यवती सिरसाट होत्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तसे कण दिसले, चर्चा झाली, पण माणसात स्तनाचा कर्करोग विषाणूने होतो हे काही सिद्ध झाले नाही. विज्ञान असेच चालते. चुकीच्या ठरलेल्या वाटेवरूनही माणसे पुढची वाट शोधतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र विषाणूची शंका खरी ठरली. ती गोष्ट पुढे येईल.

बाल्टिमोर आणि हेन्रिएटा लॅक्स

पीएच.डी.नंतर रणदिवे शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तेथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी टिश्यू कल्चर, म्हणजे ऊतीसंवर्धन, शिकून घेतले. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात योग्य द्रव, उष्णता आणि स्वच्छता देऊन जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या, हे ते तंत्र.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीच्या पेशी आल्या. हेन्रिएटा कृष्णवर्णीय होत्या, तंबाखूच्या शेतात राबलेल्या कुटुंबातल्या, पाच मुलांची आई. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचारासाठी त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्या होत्या. त्या काळी तेथे काळ्या रुग्णांचे वॉर्ड वेगळे असत. उपचाराच्या वेळी त्यांच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला गेला. त्यांना विचारले नाही, सांगितलेही नाही. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वयाच्या ३१ व्या वर्षी त्या गेल्या. पेशी मात्र मेल्या नाहीत. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेली ती पहिली मानवी पेशीरांग. तिला 'हेला' म्हणतात. पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत असंख्य संशोधन या पेशींवर झाले. कंपन्यांनी त्या विकल्या. कुटुंबाला हे कळायला दोन दशके लागली. २०२३ मध्ये त्यांच्या वारसांनी एका मोठ्या कंपनीविरुद्धच्या दाव्यात तडजोड मिळवली.

यात रणदिवे यांचा काही दोष नव्हता. पण ज्या जागी त्या हे तंत्र शिकल्या, त्या जागेचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. एका गरीब, काळ्या स्त्रीच्या शरीरावर विज्ञानाचे इतके मोठे ऋण उभे राहिले आणि तिला साधे विचारलेही गेले नाही. हा प्रश्न फक्त अमेरिकेचा आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

परतल्यावर : प्रयोगशाळा हाताने उभी करणे

परदेशात शिकून तिथेच राहण्याची वाट त्यांच्यापुढे होती. त्या मुंबईला परतल्या आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. भारतातील या प्रकारची पहिली प्रयोगशाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. पेशी वाढवण्यासाठी लागणारी द्रव माध्यमे आणि रसायने बाहेरून मागवणे त्या काळात खर्चाचे आणि वेळखाऊ होते. १९६० च्या दशकात त्यांच्या गटाने ती संस्थेतच तयार केली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग सुरू केले. तरुण संशोधकांना, विशेषतः परदेशात गेलेल्यांना, त्या परत बोलावत आणि इथे काम करा म्हणून आग्रह धरत.

त्यांच्या इतर दोन कामांचा उल्लेख केलाच पाहिजे.

पहिले, कुष्ठरोगाचे. १९५८ मध्ये खानोलकर, रणदिवे आणि बापट यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्याच जिवाणूपासून संस्थेतील इतर शास्त्रज्ञांनी लस तयार केली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णांना गावाबाहेर काढले जात होते, त्यांच्यासाठी हे काम होते.

दुसरे, सुपारी आणि तंबाखूचे. १९७६ मध्ये रणदिवे आणि सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखूच्या अर्काचे हॅमस्टर प्राण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. सुपारीही निर्दोष नाही, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांची गणना होते. आपल्याकडे बायका विडी कमी ओढतात, पण मशेरी लावतात, पान-सुपारी खातात. स्त्रियांचा कर्करोग म्हटले की फक्त स्तन आणि गर्भाशय आठवते. तोंडाचा कर्करोगही आपल्या आया-मावश्यांचा आजार आहे.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

एकटीने पुढे जायचे नाही

१९७३ मध्ये रणदिवे आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांनी मुंबईत इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. आज तिचे मुख्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. या संस्थेने व्याख्याने-परिसंवाद घेतले, तसेच नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही चालवले. विज्ञानात मुली का टिकत नाहीत, याचे उत्तर त्यांना अनुभवाने माहीत होते. बुद्धी कमी पडत नाही. राहायला जागा नसते आणि बाळाला सांभाळायला कोणी नसते. वसतिगृहाने आयुष्य कसे बदलते, हे आपल्या समाजातील शिकलेल्या पहिल्या पिढीला वेगळे सांगायला नको.

उतारवयात त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, ग्रामीण बायकांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याच्या कामात भाग घेतला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. कर्करोग आणि कुष्ठरोगावरचे त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध मागे राहिले.

प्रयोगशाळेतून गावात : पुढचा टप्पा

रणदिवे यांच्या पिढीने रोग का होतो हे शोधले. पुढच्या पिढीने विचारले : गरीब बाईचा जीव यातून वाचवायचा कसा?

जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही हा विषाणू दाखवला. हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींतही याच विषाणूचा एक प्रकार सापडला. २००८ मध्ये झुर हाउसेन यांना नोबेल मिळाले. २००६ पासून लस उपलब्ध झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस आली.

महाराष्ट्राचा वाटा यात मोठा आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले : आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर दुसरा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधला आम्लपदार्थ, लावून पाहिले. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले : ५० वर्षांवरील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही.

हे आपल्याच गावांतल्या आणि वस्त्यांतल्या बायकांनी जगाला दिलेले ज्ञान आहे.

संमतीचा प्रश्न

पण याच अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील बायकांची तपासणी झाली नाही, त्यांना फक्त माहिती दिली गेली. त्यांच्यातील काही बायका या आजाराने गेल्या. 'त्या वेळी देशात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून हा गट रास्त होता' असे संशोधकांचे म्हणणे. 'तपासणीचा उपयोग जगाला आधीच माहीत होता' असे टीकाकारांचे. मला दोन्ही बाजू समजतात. पण असा गट नेहमी कोणाच्या वस्तीत उभा राहतो, हा प्रश्न उरतोच.

त्याहून उघड उदाहरण २००९-१० चे. आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. खम्मममध्ये अनेक मुली आदिवासी होत्या, वसतिगृहांत राहत होत्या. संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे चौकशीत उघड झाले. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूचा लशीशी संबंध नसल्याचे चौकशी समितीने सांगितले. पण २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या प्रकाराबद्दल कडक ताशेरे ओढले.

इथे आपण दोन गोष्टी एकत्र धरायला हव्यात. लस उपयोगाची आहे, तपासणी जीव वाचवते, हे खरे. आणि गरिबाला न विचारता त्याच्या शरीरावर काही करू नये, हेही तेवढेच खरे. पहिले सत्य सांगून दुसरे झाकणारे जसे चुकतात, तसेच दुसऱ्याचा धाक दाखवून आईला मुलीच्या लशीपासून दूर ठेवणारेही चुकतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण झाले. मृत्यू अनुक्रमे सुमारे ९८ हजार आणि ८० हजार. वेळेवर कळले तर यातील पुष्कळ जीव वाचतात.

जयंतीला आपण रक्तदान शिबिर घेतो, वह्या वाटतो. त्याबरोबर काही साध्या गोष्टी करता येतील :

– स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, स्तनाग्रातून रक्त, कातडी ओढली जाणे. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव, घाण वासाचा स्राव. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम. ही लक्षणे प्रत्येक महिला मंडळात बाईने बाईला सांगावीत.

– ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती आपल्या आरोग्य केंद्रात खरोखर होते का, हे तरुणांनी जाऊन विचारावे. होत नसेल तर लेखी अर्ज द्यावा.

– निदान झालेल्या बाईबरोबर कोणीतरी जावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार आहेत, पण कागदपत्रांच्या खिडकीवरच अनेक बायका परत फिरतात.

– संमतीपत्रावर सही किंवा अंगठा मागितला, तर आधी ते मोठ्याने वाचून घ्यावे. समजले नाही तर पुन्हा विचारावे. नको म्हणण्याचाही अधिकार आहे, आणि नको म्हटल्याने उपचार थांबत नाहीत, हे सांगावे.

आणि एक गोष्ट घरातल्या मुलींसाठी. अकरावीत विज्ञान घेतलेल्या मुलीला आपण 'डॉक्टर की इंजिनिअर' एवढेच विचारतो. संशोधक होता येते, हे तिला कोणी सांगत नाही. कमल समर्थ यांना ते घरातच कळले होते. आपल्या मुलींना ते आपण सांगायचे आहे. पुढच्या वेळी दीड लाख बायकांचा अभ्यास होईल, तेव्हा आपल्या वस्तीतली मुलगी फक्त तपासली जाणाऱ्यांच्या यादीत नसावी, प्रश्न ठरवणाऱ्यांच्या टेबलापाशीही बसलेली असावी.